सूटिंगच्या जाहिरातीतला चेहरा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. विशीत असताना मी पुरुषांचे फोटो जमवायचो. सिनेमातले नट, टीव्हीवरच्या मालिकांमधले, आणि सगळ्यात जास्त कापडाच्या जाहिरातींमधले. खांद्यावर कोट टाकून लांब कुठंतरी बघणारे. ते देखणे वाटायचे आणि त्यांच्याकडे बघत राहावंसं वाटायचं. माझ्या वयाची पोरं नट्यांचे फोटो पाकिटात ठेवायची, त्यांना कुणी काही म्हणत नसे. ते फोटो बघून मला काहीच वाटायचं नाही. आज पंचावन्नाव्या वर्षी या गोष्टीची लाज उरलेली नाही, नुसता थकवा आहे. लाज आहे ती पुढं जे झालं त्याची.

आमचा पेणला गणपतींचा कारखाना. मूर्ती मुंबईला पाठवताना भाताचा पेंढा आणि रद्दी लागते. रद्दी निवडायचं काम माझ्याकडं होतं. वर्तमानपत्राचा कागद मूर्तीला धरून बसतो, मासिकांचा गुळगुळीत कागद घसरतो. म्हणून मासिकं बाजूला काढायची आणि बंबात जाळायला द्यायची. द्यायच्या आधी मी ती चाळायचो, हवं ते पान सांभाळून फाडायचो. घरात माझी अशी जागा नव्हती. बहिणीची शाळेची पुस्तकं एका पत्र्याच्या पेटीत पडून होती. ती कॉलेजात जायला लागल्यापासून ती पेटी कुणी उघडत नव्हतं. तिच्या नकाशांच्या पुस्तकात मी फोटो ठेवत गेलो. तिच्या पेटीत का, तर पुढंमागं सापडलेच तर माझ्यावर येऊ नये, हा विचार तेव्हाही मनात होता. हेही आज पहिल्यांदाच लिहितोय.

बहीण माझ्याहून दोन वर्षांनी धाकटी, पण हात माझ्यापेक्षा स्थिर. आमच्यात डोळे रेखायच्या कामाला आखणी म्हणतात. मूर्ती चांगली की वाईट ते आखणीवर ठरतं. गणपतीचे डोळे वडील स्वतः रेखायचे, सकाळी आंघोळ करून, कुणाशी न बोलता. बायकांकडं पॉलिश पेपर घासायचं आणि दागिन्यांना रंग द्यायचं काम असे. आमच्या कारखान्यात तोवर कुठल्याच बाईच्या हातात आखणीचा ब्रश गेला नव्हता. त्या वर्षी वडिलांनी बहिणीला एक फळी दिली. शंकर बसलेला, त्याच्या मांडीवर बाळगणपती, अशा मूर्तींची. गणपतीचे डोळे वडिलांनी रेखायचे आणि शंकराचे तिनं. "हात बसला तर पुढल्या वर्षी गणपतीचं बघू," असं तिला म्हणाले होते. ते ऐकून ती चार दिवस हवेत होती.

कारखान्याची रीत अशी, की ज्याची फळी त्याची जबाबदारी. कुणी दुसऱ्याच्या फळीला हात लावायचा नाही.

एका दुपारी ती कॉलेजला गेली होती, माणसं जेवायला बसली होती. तिच्या फळीवर दोन शंकर रेखायचे राहिले होते. मी तिचा ब्रश घेतला. त्या दिवसांत एका सूटिंगच्या जाहिरातीतला माणूस माझ्या डोक्यात बसलेला होता. तो चेहरा आपल्या हातातून उतरतो का, एवढंच बघायचं होतं. उतरला. जड पापण्या, डावी भुवई किंचित वर, ओठांच्या कोपऱ्यात न हसलेलं हसू. मी दोन्ही शंकर तसेच रेखले, ब्रश धुऊन जागेवर ठेवला आणि जेवायला गेलो.

दोन दिवसांनी मुंबईचा एक व्यापारी माल निवडायला आला. त्या फळीपाशी थांबून म्हणाला, "हा शंकर कुठंतरी बघितलाय मी."

आमचा साच्याचं काम करणारा कारागीर वाकून बघत म्हणाला, "शेठ, पेपरात बघितला असेल. ह्याला फक्त सूट शिवायचा राहिलाय."

सगळे हसले. वडील हसले नाहीत. व्यापारी गेल्यावर त्यांनी बहिणीला बोलावलं.

"ही फळी कुणाची गो?"

"माझी."

"मग ह्या दोघांना काय केलंस?"

"बाबा, हे दोन मी केलेले नायत. मी उद्या करणार होते."

"म्हणजे देवांनी आपापले डोळे काढले?"

वडिलांनी आईला तिचं सामान बघायला सांगितलं. आई घरात गेली ती नकाशांचं पुस्तक घेऊनच आली. वडिलांनी एकेक फोटो काढून फळीवर मांडला, शंकरांच्या पुढ्यात. दुसराच फोटो त्या सूटवाल्याचा निघाला. कारागीर हातातलं काम टाकून जवळ आले होते.

बहीण म्हणाली, "माझे नायत हे. मी बघितले पण नायत कधी."

"मग कुणाचे? तुझ्या दादाचे?"

पुन्हा सगळे हसले. मीही हसलो.

वडिलांनी खरं तेच विचारलं होतं, आणि ते इतकं अशक्य होतं की विनोद झाला. बहिणीनं माझ्याकडं बघितलं. ती मला पकडायला बघत नव्हती. आपल्या बाजूनं कुणीतरी बोलेल म्हणून बघत होती. मी डब्यातला रंग ढवळत राहिलो.

तिच्या हातातला ब्रश गेला. त्या दोन शंकरांचे डोळे वडिलांनी पुसून पुन्हा रेखले. पोरीचं लक्ष उडालंय असं ठरलं आणि ते वर्ष संपताच कॉलेज बंद झालं. पुढच्या गणपतीच्या आत लग्न झालं. मुलगा रोह्याच्या एका कंपनीत शिफ्टला, घर नदीपलीकडं अष्टमी गावात. माणूस चांगला निघाला. ती सुखात आहे असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. तिची फळी माझ्याकडं आली, आणि वडील थकल्यावर गणपतीची आखणीही. लोक हाताची तारीफ करतात तेव्हा मी मान खाली घालतो. त्यांना तो विनय वाटतो.

मी लग्न केलं नाही. का नाही, हे मला कुणी फार विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

मागच्या भाऊबीजेला अष्टमीला तिच्याकडं गेलो होतो. टीव्हीवर कुठलीशी मालिका चालू होती. भाची म्हणाली, "आई, हा नवीन हिरो बघ, कसला दिसतो."

मेहुणे सोफ्यावरून म्हणाले, "तिला नको दाखवू गो. तिच्या पेटीत भरपूर हिरो होते."

ही चेष्टा त्या घरात लग्नापासून चालत आली आहे. आमच्याच घरून ती तिकडं गेली. पहिली काही वर्षं बहीण म्हणायची, माझे नव्हते. त्या दिवशी ती करंज्या ताटात लावत म्हणाली, "व्हय, होते." सांगून सांगून दमली असावी.

मग भाची माझ्याकडं वळली. "मामा, मला आखणी शिकव ना. यंदा पेणला येते."

मी काही बोलायच्या आत बहीण म्हणाली, "कारखान्यात नाय जायचं. काय काढायचं ते घरी काढ."

"का पण?"

"तिथं एकदा नाव लागलं की जात नाय."

ती ताटाकडं बघत होती. तिला ठाऊक आहे का, हे मला कळलं नाही. ठाऊक असूनही ती तीस-पस्तीस वर्षं मला ओवाळत असेल तर मग आणखीच कठीण आहे. सगळे तिथंच बसले होते. बोलायला तेवढी एक वेळ पुरेशी होती. मी म्हणालो, "बघू," आणि चहा घेतला. मेहुण्यांनी मला स्कूटरवरून पूल ओलांडून स्टँडवर सोडलं.

त्यानंतर भाचीचे दोन फोन येऊन गेले. मी उचलले नाहीत. आधी तिच्या आईशी बोलायला हवं.

ते फोटो माझे होते, ते दोन शंकर मी रेखले होते, आणि ती खरं बोलत असताना मी हसलो होतो. हे मला बहिणीला तिच्या नवऱ्यासमोर आणि मुलीसमोर सांगायचं आहे. साच्याचा तो कारागीर अजून आहे, त्यालाही सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही.