भाऊजींसाठी घेतलेली बाटली

दूधवाल्याने तीनदा हाक मारली तेव्हा मी पोह्यांसाठी कांदा चिरत होते. चौथ्या हाकेला बाहेर आले. शेजारच्या किसनभाऊजींचं दार आतून बंद होतं. गल्लीतल्या दोघांनी खिडकीतून हात घालून कडी काढली. भाऊजी अंथरुणातच गेले होते, कुशीवर वळून, नुकताच डोळा लागल्यासारखे... सगळे म्हणाले, माणूस भाग्यवान, कुणाला त्रास दिला नाही. मला मात्र राग आला. भिंतीला भिंत लागून आमचं घर, आणि मला काही म्हणजे काही कळलं नाही. त्याला आता दीड महिना होईल.

किसनभाऊजी माझ्या यजमानांचे मित्र. सुप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात ते स्टोअरकीपर होते, आमचे हे प्राथमिक शाळेत मास्तर आणि मी पोस्टात. भाऊजींची बायको फार लवकर गेली, मुलगी वैशाली लग्न होऊन पुण्याला. आम्हाला मूलबाळ नाही. रोज संध्याकाळी भाऊजींच्या ओट्यावर दोघा मित्रांची बैठक ठरलेली. भाऊजींना व्हिस्की मनापासून आवडायची. लपवाछपवी नाही; स्टीलचा पेला, बरोबर भाजलेले शेंगदाणे, आणि गप्पा. मास्तरही थोडी घ्यायचे, आणि त्यापायी मी भाऊजींवर कित्येक वर्षं डूख धरून होते. "माझ्या उंबऱ्याच्या आत तो वास नको," असं मी त्यांना तोंडावर सांगितलं होतं. त्यांनी ते कधी मोडलं नाही. काही काम असलं तर सकाळी आंघोळ करून यायचे आणि दारातूनच बोलून जायचे.

मग मास्तरांच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला नगरला जायचं. पहिल्या दिवशी मी एसटीच्या वेळा बघत होते, तर भाऊजी दारात आपली जुनी व्हॅन लावून उभे. "मास्तरला यष्टीत उभं करनार का वहिनी? बसा मुकाट्यानं." सव्वा वर्ष त्यांनी एक खाडा केला नाही. मास्तरांना आता दारू तर नाहीच, पाणीसुद्धा मोजून. तरी ओट्यावरची बैठक सुटली नाही. भाऊजींच्या हातात पेला आणि मास्तरांच्या हातात मी मापून दिलेला अर्धा कप चहा. दोघं एकमेकांकडे बघून हसायचे. मी आतून ऐकायचे, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला ते हसणं बरं वाटायला लागलं होतं.

मास्तर गेले. तेराव्याला रीतीप्रमाणे सगळ्यांना टॉवेल-टोपी दिली, तशी भाऊजींनाही. म्हणजे जो मान कुठल्या तरी चुलत मेहुण्याच्या साडूला, तोच यांना. ते मला आतून खात राहिलं. बरं, धन्यवाद म्हणावं तर घरच्या माणसाला आपल्यात कोणी धन्यवाद म्हणत नाही. म्हटलं की तो परका होतो. काहीतरी द्यायला हवं होतं. शर्टपीस आणला, तो कपाटात पडला. घड्याळ पाहिलं, पण वेळ बघून कुठे जावं असं त्या माणसाला आता उरलं काय होतं? शेवटी मनाशी कबूल केलं की यांना आवडते ती एकच गोष्ट, आणि तिलाच मी जन्मभर नावं ठेवलेली. तीच द्यायची. त्यात आभारही आले आणि माफीही.

पण कोणती? मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. घरात पुरावा एकच. भाऊजी दर वर्षी घाण्यावरून करडईचं तेल आणून द्यायचे, ते जाड काचेच्या, बुचाच्या एका बाटलीत. तिच्यावर अर्धंमुर्धं लेबल शिल्लक होतं. म्हटलं, हीच यांची आवडती असणार. बाटली घासली, पिशवीत घातली आणि नगर गाठलं. सुप्यात घ्यायची सोय नव्हती, पोस्टातल्या बाईला सगळं गाव ओळखतं. भर दुपारी तोंडाला स्कार्फ बांधून वाइन शॉपसमोर उभी राहिले, तर पुढची माणसं आपोआप बाजूला सरली. काउंटरवरच्या माणसाने बाटली हातात घेतली, हुंगली.

"मावशी, यात तेल हुतं का?"

"करडईचं," मी म्हणाले. "आता मूळची द्या."

त्याने सगळ्यात वरच्या फळीवरून एक बाटली काढली, धूळ पुसली आणि वर्तमानपत्रात गुंडाळून दिली. मी ती त्याच संध्याकाळी भाऊजींच्या दारात नेऊन दिली. कागद उलगडून त्यांनी बाटली उजेडात धरली.

"वहिनी, ही आपन कदी चाखली बी न्हाई. सायबलोकांची हाय ही. कंपनीच्या गेस्टहाऊसला रिकामी पडली हुती, बूच चांगलं म्हनून तेलाला उचलली."

मी ओशाळले. "मग आता चाखा," म्हणाले.

"मास्तर गेल्यापसनं मी घेत न्हाई. एकट्याला काय चव लागतीय?" मग खाली बघत म्हणाले, "तुमी या की एक दिस वट्यावर. तुमी च्या घ्या, मास्तर घ्यायचा तसा. मग उघडतो."

मी "बघू" म्हणाले... संध्याकाळच्या वेळी विधवा बाई एकट्या पुरुषाच्या ओट्यावर, वर मध्ये बाटली. गल्ली काय म्हणेल, हे उत्तराआधीच मनात आलं होतं. एकदा साडी बदलून, केस विंचरून निघालेही. समोर बायका भाजी निवडत बसलेल्या दिसल्या, तशी मी वाळत घातलेल्या मिरच्या चाळवल्यासारखं केलं आणि परत आत गेले. भाऊजी ओट्यावरच होते. त्यांनी पाहिलं. पुन्हा कधी विचारलं नाही, आणि मीही गेले नाही.

गेल्या आठवड्यात वैशाली घर आवरायला आली. मी मदतीला गेले. त्या स्वयंपाकघरात मी पहिल्यांदाच पाऊल ठेवलं. फळीवर बाटली होती, सील तसंच. "काकू, अण्णांनी ही उघडलीच नाही," वैशाली म्हणाली, आणि बाटलीमागून तिने एक कपबशी काढली. पांढरी, निळ्या काठाची. दुकानाचा कागद अजून बुडाला चिकटलेला.

"घरात सगळं स्टीलचं. ही एकच कपबशी कुणासाठी आणली असेल हो?"

"काय माहीत," मी म्हणाले.

तेही मी भिऊनच म्हणाले. हवी तर न्या, असं ती म्हणाली म्हणून पदराखाली धरून घरी आणली. वैशाली वर्तमानपत्राची ही पुरवणी वाचते, आमच्या गल्लीतही ती घरोघर येते, म्हणून आता इथंच सांगते. ती कपबशी माझ्यासाठी होती. चार दिवस झाले, संध्याकाळी तिच्यात चहा घेऊन मी भाऊजींच्या बंद घराच्या ओट्यावर जाऊन बसते. समोरच्या बायका भाजी निवडत असतात. गल्लीतलं कोणी मला काहीही म्हटलेलं नाही.