नानाजींच्या घरातून गेलेली लाइन

“मॅडम, लाइन ओके है ना? तो ओके लिख दो,” टेलिफोन ऑफिसातले आमचे साहेब तिसऱ्यांदा म्हणाले.

लाइन ओकेच होती. बेज्जूरकडच्या त्या गावापर्यंतचे सगळे खांब मी बघून आले होते. तरी वंदनाताईंचं इंटरनेट दर वेळी अर्ध्या मिनिटात तुटायचं.

तेव्हा मी टेलिफोन खात्यात नवी होते. इंटरनेट म्हणजे मॉडेम नावाची डबी. ती फोनच्या तारेवरूनच हैदराबादचा नंबर लावायची आणि लागला की कर्कश किंचाळायची. वंदनाताई त्या गावातल्या एका मोठ्या घरातल्या धाकट्या सूनबाई, कॉम्प्युटर शिकलेल्या. हैदराबादची एक कंपनी त्यांना इंटरव्ह्यूची तारीख ई-मेलनं कळवणार होती. त्या आठवड्यात ती वाचली नाही, तर नोकरी दुसऱ्या कोणाची.

मी त्यांच्या घरी बसून नंबर लावायला सांगितला. मॉडेम टकटक डायल करू लागलं, तशी शेजारच्या घरात घंटी बारीक टिणटिणली. मग त्याच्या शेजारी. पाठोपाठ तारेतून भारदस्त आवाज आला, “हालो! कोन बोलून राह्यलं?” मॉडेम गप्प.

तो आवाज नानाजींचा, म्हणजे वंदनाताईंच्या भासऱ्यांचा, नवऱ्याच्या सगळ्यात मोठ्या भावाचा. फोन त्यांच्या नावावर. तार आधी त्यांच्या बैठकीत यायची आणि तिथून दोन्ही भावांच्या घरी जायची. याला आमच्यात पॅरलल म्हणतात. परवानगीशिवाय घेतलेलं असलं, तरी पॅरललच म्हणतात.

“नानाजी, टिणटिण झाली तरी उचलू नका,” मी म्हणाले.

“काऊन? घंटी वाजली तं घरातल्या मोठ्यानं पाहू नाई का, कोणाचा फोन हाय ते?”

मी साहेबांना सांगितलं, पॅरलल काढावे लागतील.

“अरे मॅडम, उनके यहाँ से हर साल सीताफल आता है. पॅरलल आपको दिखा ही नहीं.”

सीताफळं मलाही दिसली होती. साहेबांच्या टेबलाखाली.

मॉडेमला दोन सॉकेट असतात. एकात तार येते, दुसऱ्यातून पुढच्या फोनकडे जाते. मॉडेम चालू असेपर्यंत पुढचे फोन बंद. म्हणून मॉडेम तारेवर सगळ्यांच्या आधी हवं. मी परत जाऊन एवढंच म्हणाले, “कॉम्प्युटर तुमच्याच बैठकीत शोभेल, नानाजी. लाइन पहिली तुमच्याकडे येते.”

“हे बोलली शिकेल-सवरेल पोरगी!”

संध्याकाळपर्यंत कॉम्प्युटर बैठकीत आला, आणि बाहेरून येणारी तार मी आधी मॉडेममध्ये घालून बाकीचे फोन त्याच्या पुढे जोडले. त्यावर क्रोशाचा रुमालही पडला. नानाजी समोरच्या तक्क्याला टेकून बसले. वंदनाताई पदर सावरून दाराआड उभ्या. त्या घरात भावसून भासऱ्यासमोर खुर्चीवर बसत नसे.

“कर ना वं बाई सुरू,” नानाजी मला म्हणाले.

“पासवर्ड त्यांचा आहे. मला ठाऊक नाही.”

“मंग तिनं सांगावा तिथूनच.”

“तो कोणाला सांगायचा नसतो. मलासुद्धा नाही.”

मी तशीच बसून राहिले. मला न बोलता बसायची सवय आहे, नानाजींना नव्हती. त्यांनी पंख्याकडे पाहिलं, खाकरून घेतलं, पान लावलं. शेवटी काठी उचलून ते अंगणात गेले.

वंदनाताई खुर्चीवर बसल्या. मॉडेम किंचाळलं.

“काय केकाटून राह्यलं वं ते?” बाहेरून आवाज आला.

“हैदराबाद लागलं, नानाजी!”

लाइन तुटली नाही. ई-मेल आलेला होता. इंटरव्ह्यू सोमवारी होता. वंदनाताईंनी तो ई-मेल दोनदा वाचला, पदरानं तोंड पुसलं आणि उत्तर टाइप करायला घेतलं.

सोमवारी वंदनाताई हैदराबादला गेल्या आणि नोकरी घेऊन परत आल्या. साहेबांनी वर कळवलं की फॉल्ट कस्टमरच्या बाजूला होता. आयुष्यात एकदा त्यांनी खरं लिहिलं.

माझ्यापुरतं मी एवढं शिकले. मोठ्या माणसाला वाटेतून हटवायला जाऊ नये. त्याला वाटेच्या तोंडाशी मानानं बसवावं. मग मान सांभाळायला तो आपला आपणच उठून बाहेर जातो.