अंजनाक्काचा राग

अक्का गेल्याचं मला तिच्या गावच्या उकर्डानं सांगितलं. मंगरूळपीरच्या मोटारीतून उतरून तो थेट शाळेत आला, वर्गाच्या दाराशी उभा राहिला आणि मुलं बघून त्यानं मला हातानं बाहेर बोलावलं. मी बाहेर गेलो. "गुरुजी, अक्का गेली. सकायीच. आठ रोज ताप होता, तुमाले सांगू देल्लं नाई तिनं," तो म्हणाला. माझ्या तोंडून निघालेला पहिला प्रश्न तिच्याबद्दलचा नव्हता. मी विचारलं, "भगवंतराव आहे ना अजून?" उकर्डानं मान खाली घातली. "हाये. काठी घेऊन चालते आता." सख्खी बहीण गेल्याचं दुःख आत पोचायच्या आधी मला त्या माणसाचा संताप आला. तिच्यामागे हा उरला... अक्का जाऊन आता महिना होत आला. गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना मनात काही ठेवू नये म्हणतात. माझ्या मनात आहे. तिच्याही होतं, शेवटपर्यंत होतं, आणि ते वगळून तिच्याबद्दल लिहिलं तर ती कोणी दुसरीच बाई होईल.

अंजनाक्का माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा माझं न्हाणं-जेवण सगळं तिनंच केलं. तिला आसेगावच्या अलीकडच्या एका वाडीत दिलं. नवरा पुंडलिक, चार एकराचा धनी. त्यात भागायचं नाही म्हणून दोघं भगवंतरावच्या वावरात कामाला जात. गावातली निम्मी जमीन भगवंतरावची. अक्का तेव्हा हसरी होती, हे आज कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. पुंडलिकभाऊजी जेवायला बसले की ती त्यांची नक्कल करायची, ते कसे भाकरीच्या आधी कांदा संपवतात आणि मग कांदा नाही म्हणून रुसतात. भाऊजी हसत हसत आणखी एक कांदा मागायचे. त्यांना एकच मुलगी, सुमी.

सहा वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात मी सुटीसाठी तिच्याकडे गेलो होतो. अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन चार दिवस झाले असतील. भाऊजी आणि अकरा वर्षांची सुमी भगवंतरावच्या लांबच्या वावरात कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या उपटायला गेले होते, आणखी सात-आठ माणसं होती. अक्का घरी थांबली ती माझ्यासाठी. भाऊ आला म्हणून तिनं शेवया करायला घेतल्या होत्या. दुपारी तीनच्या सुमारास उजेड एकाएकी पिवळा पडला. गावाच्या पश्चिमेला आभाळ मातीच्या रंगाचं झालं आणि वारा यायच्या आधी त्याचा आवाज आला. आमच्याकडे त्याला वावधन म्हणतात. वैशाखात एखादं येतंच. पण तसं मी पुन्हा पाहिलं नाही. शेजारच्या छपराची टिनं उडून गेली, गोठ्यावरचा कडबा आभाळात गेला, आणि पाठोपाठ गारा सुरू झाल्या. अक्का अंगणात वाळत घातलेल्या शेवयांकडे न बघता रस्त्याकडे धावली. मी तिला दंडाला धरून आत ओढलं. दार लावलं, तर ते आत येऊ लागलं, म्हणून आम्ही दोघं दाराला पाठ लावून खाली बसलो.

तो तासभर मी विसरू शकत नाही. घराचे वासे करकरत होते, एका कोपऱ्यातून कौलं निघाली आणि तिथून गारा थेट चुलीवर पडू लागल्या. अक्का मोठ्यानं हिशेब करत होती, आत्ता ते कुठे असतील, कुठल्या बांधा-धुऱ्यावर, तिथून नाला किती लांब. "लिंबाखाली गेले असतीन तं?" ती म्हणाली. "मोडका हाये तो लिंब." ती दोनदा उठली. दोन्ही वेळा मी तिला खाली बसवलं. मी तिला पुन्हा पुन्हा एकच सांगत होतो, "अक्का, वावरात भगवंतरावचा दगडी कोठा आहे. जाड भिंती आहेत, सागाचं दार आहे. ते कोठ्यात गेले असतील." बैल बांधायचा तो कोठा मी सकाळीच पाहिला होता. त्यात पंचवीस माणसं सहज मावली असती. हळूहळू तिचा श्वास खाली आला. "हाव... कोठ्यात असतीन," ती म्हणाली, आणि माझा हात तिनं धरून ठेवला. वारा पडेपर्यंत आम्ही त्या कोठ्याच्या भरवशावर बसून राहिलो.

वारा पडल्यावर आम्ही चिखलातून, गारांतून धावलो. लिंब पडला होता. भाऊजी त्याच्या फांदीखाली होते. उकर्डाचं डोकं फुटलं होतं, दोन बायका नाल्याच्या काठाला लव्हाळं धरून वाचल्या होत्या. सुमी कोठ्याच्या दाराशी बसली होती. तिच्या दोन्ही मुठींची सालं निघाली होती. दार आतून लावलेलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा ते उघडलं आणि भगवंतराव बाहेर आला, कोरडा. मागे त्याची जत्रेतून नवीच आणलेली पांढरी बैलजोडी. सगळी माणसं आधी त्याच दाराशी आली होती. त्यांनी हाका मारल्या, दार ठोकलं. आतून भगवंतराव म्हणाला होता, "बैल बुजतीन. झाडाखाली जा." म्हणून भाऊजी लिंबाखाली गेले. बापाच्या मागे न जाता सुमी दार ठोकत राहिली, म्हणून ती जगली.

तालुक्याहून शिपाई आले, झाड पडून मृत्यू असा पंचनामा झाला. गाव पारावर बसलं तेव्हा पंचांनी भगवंतरावला विचारलं. तो शांतपणे म्हणाला, "वाऱ्याचा आवाज किती होता. मले आयकू नाई आलं." सुमी उभी राहून म्हणाली, "तुमी बोलले ना आमच्याशी?" तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "भेदरलेली पोट्टी हाये." पंच उठले. दुसऱ्या दिवशी त्यानं ज्वारीची दोन पोती घरी पाठवली. अक्कानं ती गाडीवानासमोर रस्त्यावर ओतली. गावातल्या कोंबड्यांनी ती खाल्ली.

त्या दिवसापासून तिला भगवंतरावचं बोलणं ऐकू येईनासं झालं. तो समोरून आला, काही बोलला, तरी ती मान न वळवता जायची. आधी बायका हसल्या. मग त्याच उन्हाळ्यात, नाल्याकाठी वाचलेल्या दोघींनी तेच केलं. मग उकर्डानं. त्याचा मुनीम कामाला बोलवायला दारोदार फिरला की बायका चुलीकडे तोंड करून बसायच्या. "आयकू नाई आलं," त्या मागाहून म्हणायच्या. कापूस फुटला तेव्हा त्याच्या वावरात वेचायला कुणी नव्हतं. त्यानं मेडशीकडून माणसं आणायचं ठरवलं, तर अक्का आदल्या दिवशीच सुमीला घेऊन पायी मेडशीला गेली आणि घरोघरी तिच्या मुठींवरचे व्रण दाखवून आली. कापूस बोंडातून लोंबत राहिला, मग मातीत पडला. पुढच्या सालीही तेच. तिसऱ्या साली त्यानं ती पांढरी जोडी विकली. ज्या दिवशी विकली, त्या दिवशी अक्कानं घरात पुरण शिजवलं. हे ऐकून मला बरं वाटलं होतं, हे मी लपवत नाही.

पण तिच्या यादीत मीही होतो. ते मला उशिरा कळलं. वावधनाच्याच वर्षी मी दिवाळीला गेलो तर तिनं ताट वाढलं आणि एक शब्द बोलली नाही. वर्षभर माझ्या पत्रांना उत्तर नाही. शेवटी मी विचारलं, "अक्का, माझं काय चुकलं?" ती दळत होती. मग जातं थांबवून म्हणाली, "तू कोठ्याचं नाव घेतलं, म्हणून मी बसून राहिली. नाई तं मी गेली असती." मी म्हटलं, तूही मेली असतीस. ती म्हणाली, "मेली असती. पण दार फोडून मेली असती." त्यानंतर ती माझ्याशी बोलू लागली, पण पूर्वीसारखी नाही.

मागच्या उन्हाळ्यात भगवंतराव मोरीत घसरून पडला, कमरेचं हाड मोडलं. मुलं अकोल्याला, बायको आधीच गेलेली. एक सून होती. एकदा तो ओसरीत खाटेवर पडून असताना ती भर दुपारी नदीवर धुण्याला गेली होती. अक्का डोक्यावर गवताचा भारा घेऊन त्याच्या ओसरीसमोरून चालली होती. त्यानं हाक मारली, "अंजना, पानी दे वं." पुढचं तिनंच मला सांगितलं, तांदूळ निवडता निवडता. ती थांबली. भारा खाली ठेवला, ओसरीच्या पायरीवर बसली. पाच वर्षांत पहिल्यांदा त्याच्याशी बोलली.

"त्या दिवशी आयकू आलं होतं काय?"

तो म्हणाला, "पानी दे आधी."

"आलं होतं काय?"

त्यानं डोळे मिटले. मग म्हणाला, "आलं होतं."

अक्का उठली. पाणी द्यायला नव्हे. तिनं पाराजवळून पंचांपैकी दोघांना आणलं, उकर्डाला आणलं, नदीकडे निरोप धाडून त्याच्या सुनेला बोलावलं, आणि सगळे येईपर्यंत पायरीवर बसून राहिली. तो पाणी पाणी करत होता. सगळ्यांसमोर तिनं पुन्हा विचारलं. भगवंतराव रडत म्हणाला, "आयकू आलं होतं. समद्यांचं. पोट्टीचंही." तेव्हा अक्का त्याच्या सुनेला म्हणाली, "दे आता त्याले पानी." आणि भारा उचलून निघून आली.

"मग? निवलं का मन?" मी विचारलं.

"नाई," ती म्हणाली. "निवाले कायले पायजे?" आणि तांदूळ निवडत राहिली.

तेराव्याला मी तिच्या घरी होतो. सुमी मेडशीहून आली होती. तिचं लग्न होऊन दीड वर्ष झालं. पंगती उठल्या होत्या, मांडवात भेटायला येणाऱ्यांसाठी सतरंजी अंथरलेली होती. तेवढ्यात भगवंतरावची दमणी, ती छोटी बैलगाडी, दारात थांबली. तो काठी टेकत मांडवापर्यंत आला. उन्हानं आणि चालण्यानं धापा टाकत होता. माझ्याकडे बघून त्यानं हात जोडले. अशा वेळी घरच्या मोठ्यानं "बसा" म्हणायचं असतं. मी म्हटलं नाही. तो उभाच होता... सगळे माझ्याकडे बघत होते. तेव्हा सुमी आतून आली. तिनं त्याच्यासमोरची सतरंजी गुंडाळायला घेतली. एक टोक गुडघ्याखाली दाबायचं, दुसऱ्या हातानं कडा झटकत झटकत घट्ट वळत यायचं, मधेच थांबून केसांची बट खांद्यानं मागे सारायची. अक्का अगदी अशीच गुंडाळायची, मी लहान असताना मला त्यातच गुंडाळून पुढे ढकलायची. मी थांबवायला हवं होतं असं पुष्कळांना वाटेल. मी थांबवलं नाही. सुमीनं सतरंजी बगलेत धरली आणि आत गेली. भगवंतराव आणखी थोडा वेळ उघड्या मातीवर उभा राहिला, आणि मग दमणीकडे वळला.