फाईल तुमचीच खराब

वडगावला तहसील कचेरीसमोर माझ्या एका मित्राचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. पीडीएफची पानं जोडून द्यायला त्यानं पीडीएफ उघडायचा विकतचा रीडर घेतला, पण कॉम्प्युटरवरचा आधीचा फुकटचा काही काढला नाही. डबल क्लिक केलं की फुकटचाच उघडतो आणि पानं जोडायला गेलं की म्हणतो, विकत घ्या. मग हा टेबलावर मूठ आपटतो, "आरं, घेतलाय की तुला!" आणि राग काढतो गिऱ्हाइकावर. फुकटचा काढून टाक म्हणून मी कितीदा डोकं फोडलं. त्याचं एकच, "असू दे की, काय खातोय का तो?"

परवा परंदवडीच्या एका मावशींची पुण्याच्या कोर्टात तारीख होती; वकिलानं दिलेल्या फाईलची पानं जोडून घ्यायला त्या आल्या. याचं तेच. खेकसला, "फाईल तुमचीच खराब हाय. वकिलाकडनं दुसरी आणा."

"आरं, आजच द्यायचीय. वकील पुन्याला गेलाय."

"मग मी काय करू?"

मावशी रडवेल्या होऊन बाहेर पडल्या. मी तिरमिरीत त्याला बाजूला सारून तीच फाईल विकतच्यात उघडली. पानं झटक्यात जोडली गेली. ती फाईल पेनड्राइव्हवर घेऊन मी स्टँडपर्यंत पळालो, पण मावशींना घेऊन पुण्याची गाडी सुटली होती.

धापा टाकत परत आलो, तर हा पुढच्या गिऱ्हाइकावर ओरडत होता, "फाईल तुमचीच खराब हाय!"