मामाचा आवाज येतो ना?

आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे गोळे पानात गुंडाळून उकडायचे, ती केंकी; माझी केंकीची चूल आणि ओकाईचं गेमचं दुकान यांच्यामध्ये फक्त एक पत्रा आहे. आमच्या टेशीच्या कोळीवाड्यात त्याला माझ्याइतकं कोणी ओळखत नाही, आणि त्याच्यावर माझ्याइतकं कोणी चिडतही नाही. हल्ली त्याच्या व्हिडिओंत जनरेटरची घरघर येते, माझं "गरम केंकी, मासे" येतं, कोणाचं तरी शिंकणंही येतं. गिऱ्हाइकं कुरकुरतात, तरी तो माइक बंद करत नाही. बैल गेला नि झोपा केला.

तसा पोरगा कामाचा. त्याच्याकडे फुटबॉलचा गेम खेळणारे नुसते खेळून जात नाहीत. जिंकलेला सामना फोनवर घेतात आणि हरलेल्याला आठवडाभर पिडतात. पण पूर्वी रेकॉर्डिंग सुरू झालं की गेम अडखळायचा. मग हरलेला बोंबलायचा, "मी कुठे हरलो? ह्याच्या रेकॉर्डिंगने हरवलं मला!" भांडण माझ्या माशांच्या टोपलीपर्यंत यायचं.

अटा सोवा हा ओकाईचा मामा. आईवेगळ्या पोराला त्यानेच वाढवलं. गुडघे गेले तेव्हा त्याने समुद्र सोडला, होडीचं इंजिन विकलं आणि भाच्याच्या कॉम्प्युटरसाठी चांगलं ग्राफिक्स कार्ड घेऊन दिलं. ओकाई नाचतच माझ्याकडे आला.

"मावशी, तू एका चुलीवर केंकी उकडतेस, दुसरीवर मासे तळतेस ना? तसंच. ह्या कार्डात व्हिडिओ बनवायला वेगळा भाग आहे. गेमच्या वाटचं काही खात नाही."

"मग इतके दिवस एकाच चुलीवर काय शिजवत होतास, शहाण्या?"

खरंच, गेम अडखळायचा थांबला. मंगळवारी आमच्याकडे कोणी होडी काढत नाही, त्यामुळे सगळा किनारा दुकानात जमायचा. खेळणाऱ्यांच्या मागे बाकावर मामा बसायचा, आणि त्याचं तोंड सुटायचं.

"अरे ओढ, जाळं ओढ! मासा दारात आलाय आणि हा बघतोय! हा गोलकीपर आहे का फाटकं जाळं?"

हसता हसता माझं तेल करपायचं. निम्मे लोक खेळायला नाही, मामाला ऐकायलाच यायचे.

ओकाईने मात्र रेकॉर्डिंगमधला माइक बंद ठेवलेला. व्हिडिओत फक्त गेमचा आवाज यायचा. त्याला व्हिडिओ परदेशातल्यासारखे स्वच्छ हवे होते, त्यात म्हाताऱ्याची बडबड कशाला? सामना संपला की मामा विचारायचा, "भाच्या, माझा आवाज येतो ना त्यात?"

ओकाई मान वर न करता म्हणायचा, "येतो, मामा, येतो."

मामाकडे साधा बटणांचा फोन, तो कुठे बघणार? गिऱ्हाइकं आपापले गोल बघण्यात दंग. आमच्याकडे माणसाचा जो धंदा, त्याच्या आकाराची शवपेटी करतात. मामा खूश होऊन शवपेटीवाल्या सुताराकडे गेला आणि सांगून आला, "कोळी असलो तरी मला मासा नको, होडी नको. माझी पेटी माइकच्या आकाराची कर. माझा आवाज जगभर जातोय."

पुढे मामा वारला, आणि मामी, लामिले, दुकानात आली. "ओकाई, अंत्यविधीला मोठ्या पडद्यावर तुझे व्हिडिओ लाव. फोटो नकोत मला. मला ह्यांचा आवाज ऐकायचाय. ते म्हणायचे, सगळं पोराकडे जपून आहे."

"हो, मामी," ओकाई म्हणाला. तेव्हाही 'हो'च म्हणाला.

मग तो एकेक व्हिडिओ उघडत बसला. पत्र्याआडून मला शिट्ट्या ऐकू येत होत्या, गेममधली खोटी गर्दी ओरडत होती. शेवटी तो माझ्यापाशी येऊन उभा राहिला.

"एकातही नाही, मावशी. तुझ्या फोनमध्ये काही आहे का गं त्याचं?"

नव्हतं. चार शिव्या माझ्या ओठांवर आल्या होत्या. त्याचं तोंड बघून मी त्या गिळल्या आणि त्याच्यापुढे केंकी ठेवली. त्याने ती सोललीही नाही.

अंत्यविधीला सुतकाचे काळे-तांबडे कपडे घालून अख्खी टेशी आली. समोर मामाची पेटी होती, चकचकीत रंगवलेला माइक. मागे पडद्यावर ओकाईने सामना लावला. चित्र इतकं स्वच्छ की गवताची पाती दिसत होती. खोटी गर्दी ओरडत राहिली. मग मागून एक कोळी ओरडला, "जाळं ओढ!" दुसरा ओरडला, "मासा दारात आलाय!" लोक हसले, रडले. मीही रडले, आणि रडताना मला ओकाईचा राग येत होता.

मामी हसली नाही. पडद्याकडे कान लावून ती गोलामागून गोल वाट बघत राहिली. शेवटी तिने ओकाईची बाही ओढली.

"आवाज वाढव ना जरा. ह्यांचं काहीच ऐकू येत नाही."

ओकाईने आवाज वाढवला.