सोयाबीनच्या थप्पीतलं गाणं

त्या अल्बमचं नाव मी इथे लिहिणार नाही. ज्यांना ऐकायचा आहे त्यांनी फोनवर शोधावा. महाराष्ट्रातल्या प्रत्येक जिल्ह्याचं एक रॅप, असा तो अल्बम आहे. त्यात वाशीम जिल्ह्याच्या नावावर जे गाणं आहे ते वाशीमचं नाही. वाशीमचं गाणं माझ्या गोदामात रेकॉर्ड झालं होतं, सोयाबीनच्या कट्ट्यांच्या, म्हणजे भरलेल्या पोत्यांच्या मधोमध, आणि ते त्या अल्बमवर यायला हवं होतं. आलं नाही. मला अजून त्याचा राग आहे, आणि तो कमी व्हावा अशी माझी इच्छाही नाही.

मी रिसोडच्या बाजारात सोयाबीन आणि तूर घेतो. माझा बाप याच बाजारात हमाल होता, म्हणून मला कोणी खुर्ची दिली नाही, ती मी ओढून घेतली. दुकान टाकण्याआधी बसस्टँडजवळ माझी टपरी होती. मेमरी कार्डात गाणी भरून द्यायचो. काळीपिवळी जीपवाले, ट्रॅक्टरवाले, लग्नातले डीजेवाले, सगळे माझ्याकडे यायचे. कोणाला कोणतं गाणं पाहिजे हे मी विचारत नसे, मीच ठरवत असे. पहिलं गाणं असं लावायचं की गाडी स्टँडातून निघताना ड्रायव्हरची मान हलली पाहिजे. पडेल गाणी मधे, माणूस उतारूंशी भाड्यावरून भांडत असतो तेव्हा. आणि सगळ्यात भारी गाणं शेवटून दुसरं, म्हणजे शेवटचंही ऐकून घेतात. अल्बम कसा बांधतात हे मला पुण्याच्या माणसाने शिकवायची गरज नव्हती.

आमच्या भागात रॅप करणारी पोरं आहेत, पुष्कळ आहेत. कारंज्याची पोरं अर्धं हिंदी, अर्धं उर्दू बोलतात, तसंच गातात, आणि कापसाच्या गाडीवर चढून व्हिडिओ काढतात. रिसोडची पोरं मुंबईची नक्कल करतात. ज्याच्या घरासमोर गल्ली नाही, वावर आहे, तोसुद्धा गल्लीचं गाणं म्हणतो. ती ऐकून मला हसू यायचं. मेडशीच्या पोरीचं ऐकलं तेव्हा हसू आलं नाही.

ती माझ्या दुकानात कॉम्प्युटरवर शेतकऱ्यांच्या मालाच्या पट्ट्या, म्हणजे वजन-भावाची बिलं काढायची. तिचे वडील दीड एकर करतात आणि चौदा एप्रिलच्या जयंतीला गायन पार्टीत कोरस धरतात, त्यामुळे ताल घरातूनच आलेला. बाजार बंद होता त्या दिवशी मी काहीतरी विसरलो म्हणून दुकानात आलो, तर ही गोदामात, फोनवर ठेका लावून, कट्ट्यांच्या थप्पीकडे तोंड करून उभी.

मशीनमंदी दाना टाकला, मशीन म्हने ओला,
बाप माहा उन्हात सुकला, तो नाई कोनं तोलला.
ओलं काय अन् सुकं काय, तुले कायची माहिती?
एकडाव ये वावरात, मंग हातात घे माती.

मशीन म्हणजे ओलावा मोजायचं मशीन. मूठभर सोयाबीन त्यात टाकायचं, आकडा येतो, आणि त्या आकड्यावर आम्ही भाव पाडतो. ते मशीन माझ्याच टेबलावर असतं.

"हे माह्यावर हाय का?" मी विचारलं.

ती दचकली नाही. "मशीनवर हाय, भाऊ. तुमी मधात आले."

"माह्या गोदामात उभी राहून मलेच शिव्या देऊन राह्यली?"

"मंग कुठं देऊ? घरी आवाज घुमते. इथं कट्टे हायेत तं साफ येते."

ते खरं होतं. भरलेले कट्टे आवाज पिऊन टाकतात. चारी बाजूंनी छातीएवढी थप्पी लावली की मधल्या जागेत टाचणी पडली तरी स्वच्छ ऐकू येते. शहरातले लोक भिंतीला फोम लावतात, आमच्याकडे माल असतो. पण माल असेपर्यंतच. हंगाम संपला, ट्रक भरून गेले की तेच गोदाम डब्यासारखं वाजतं. मी चिडलो होतो, तरी दुसऱ्या बंदच्या दिवशी हमालांना बोलावून थप्पी चौकोनी लावून घेतली आणि अकोल्याहून माइक आणला. का आणला, हे मला त्यांनीही विचारलं. मी म्हणालो, तुमचं काम करा.

गाणं तयार झालं. तिने ते फोनवरून टाकलं आणि ते फिरलं. ज्या जीपवाल्यांना मी एके काळी कार्ड भरून द्यायचो त्यांच्याच जीपमधून मी ते ऐकलं. बाजारातल्या दुसऱ्या व्यापाऱ्यांनी चहा पिता पिता माझी फिरकी घेतली. "शेठ, तुमची पोरगी तुमाले ओला म्हनते म्हनं?" मी त्यांना सांगितलं, तुमच्यावर गाणं करायलासुद्धा कोणी तयार नाही, आधी ती लायकी आणा.

मग पुण्याचा माणूस आला. डोक्यावर टोपी, काखेत लॅपटॉप, बोलणं गोड. जिल्ह्याजिल्ह्यातून गाणी गोळा करत होता. माझ्या दुकानात बसून त्याने तिचं गाणं ऐकलं, डोळे मिटून मान हलवली.

"दादा, व्हाइब कमाल आहे. हे आपण नक्की घेऊ."

मी तिला आधीच बजावून ठेवलं होतं, सौदा चालू असताना तू बोलायचं नाही. ती कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होती, हात मांडीवर ठेवून.

"कसं घेनार?" मी विचारलं.

तेव्हा पोटातलं बाहेर आलं. चारचौघांत चालणारं नाव पाहिजे, म्हणून कडवी मोठ्या शहरातला एक नावाजलेला रॅपर म्हणणार. हिच्या आवाजात फक्त मधे मधे येणाऱ्या दोन ओळी. ज्या पोरीने गाणं लिहिलं ती त्यात लोणच्याएवढी.

माझं डोकं तिथेच तापलं. पण मी सौद्यात ओरडत नाही. मी म्हणालो, सगळं गाणं तिच्या आवाजात, आणि अल्बमवर पहिल्या नंबरला. पहिला नंबर मिळणार नाही हे मलाही माहीत होतं. तो मागायचाच असतो, म्हणजे मग सोडता येतो. तो हसला, मी हसलो नाही. त्याने दोन ओळींवरून एक कडवं कबूल केलं. मी पहिला नंबर सोडला. तो लॅपटॉपकडे बघू लागला. म्हणजे माणूस हलतोय, एवढं मला कळतं. अजून एक धक्का दिला की सगळं गाणं तिचं होत होतं.

म्हणून मी उठलो.

बाजारात न वावरलेल्या माणसाला हे सांगावं लागेल. आमच्याकडे उठणं हा सौद्याचाच भाग आहे. माणूस उठतो, मागचं झटकतो, चप्पल घालतो, चार पावलं चालतो, आणि समोरचा हाक मारतो, "अहो, बसा ना, जाता कुठं?" मग दोघं अर्ध्यावर येतात. उठल्याशिवाय झालेला सौदा मी पाहिलेला नाही. कोणी उठलं नाही तर उलट आम्हाला शंका येते की मालात खोट आहे. माझ्या बापाच्या काळापासून हेच चालत आलंय, आणि हाक मारणाऱ्याला कोणी कमी समजत नाही.

मी वजनकाट्याजवळून गेलो, फाटकाबाहेरच्या टपरीवर चहा सांगितला. दुकानातून टपरी दिसते, टपरीतून दुकान दिसतं. हाक येईल म्हणून चहा हळू प्यायलो. दुसरा सांगितला. तो अर्धा झाला असेल तेव्हा त्याची गाडी फाटकातून बाहेर आली. माझ्याजवळ आल्यावर हळू झाली, मला वाटलं आता काच खाली होते आणि बोलणं पुढे चालू होतं. काच खाली झाली. त्याने हात हलवला. "थँक यू दादा, भेटू परत!" आणि गाडी आमच्या जिल्ह्यातल्या मालेगावच्या रस्त्याला लागली.

मी हात वर केला नाही.

दुकानात आलो तर ती तशीच स्टुलावर. फोन हातात. त्याने जाता जाता तिला मेसेज पाठवला होता: तुमच्या सरांचा नकार समजला, पुढच्या वेळी नक्की.

"नकार?" मी ओरडलो. "नकार कोनं देल्ला?"

"तुमी उठून गेले नं."

"मी उठलो म्हंजे नकार झाला का? त्यानं हाक नाई मारली!"

"भाऊ, तो पुण्याचा हाय. त्याले काय माईत? त्यानं मले विचारलं, तुमचे सर परत येतील ना? मी म्हटलं, येतील. लय वेळ बसला तो. तुमी आलेच नाई."

"मी कायले येऊ? येऊन हात जोडू का त्याचे? त्यानं बोलवाचं असते!"

"मंग मले सांगाचं होतं, मी बोलावलं असतं त्याले. मी बोलली असती. तुमीच म्हटलं, बोलू नको." ती उठून उभी राहिली. "मी काय कट्टा हाय का? तुमी दोघं भाव करा अन् मी थप्पीले लागून बसू?"

मी म्हणालो, एका कडव्यावर राजी झालीस तर आयुष्यभर एक कडवंच मिळेल. ती म्हणाली, ते एक कडवं माझं होतं, सोडायचं की नाही हे मी ठरवलं असतं. मी म्हणालो, माइक कोणाचा? ती म्हणाली, गाणं कोणाचं? आवाज इतका चढला की हमाल काम सोडून दारात आले. तिने कॉम्प्युटर बंद केला, डबा पिशवीत टाकला आणि गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. मालेगावात एका दवाखान्यात कामाला लागली असं पुढे कळलं.

अल्बम निघाला. मी तो सगळा ऐकला. वाशीमच्या जागी पुण्यात वाढलेल्या एका पोराचं गाणं होतं. त्याचा आजा कधीकाळी कारंज्याचा, एवढंच त्याचं वाशीम. गाण्यात वाघ आणि घनदाट जंगल. रिसोडच्या बाजारात वाघ आला तर आमचे हमाल त्याला काट्यावर चढवून आधी त्याचा ओलावा बघतील. आणि आमची बोली त्याने अशी चघळली होती, जशी नाटकातला नोकर बोलतो. हसवायला. लाज वाटली. हजारो लोक ते ऐकून म्हणत असतील, अच्छा, वाशीमचे लोक असे असतात. मूठभर नमुना काढायचा तर ढिगाच्या तळातून काढतात, वरवरचा काढत नाहीत. एवढी साधी गोष्ट त्यांना कळत नसेल तर जिल्हे गोळा करायला निघू नये.

मी त्या माणसाला फोन केला. त्याने उचलला, ओळख दिली, फार वाईट वाटलं म्हणाला. मी त्याला जे बोललो ते इथे छापण्यासारखं नाही. सगळं ऐकून तो म्हणाला, "पण दादा, तुम्हीच तर निघून गेलात." तेच वाक्य. मी फोन कापला.

पुढच्या हंगामात गोदाम पुन्हा भरलं. बाजार बंदच्या एका दिवशी दुपारी ती आली. नमस्कार नाही, काही नाही. आधी थप्पीकडे बघितलं, टाळी वाजवून आवाज घुमतो का ते पाहिलं, मग चप्पल काढून एका कट्ट्यावर बसली.

"आमी आमचा अल्बम काढून राह्यलो," ती म्हणाली. "कारंज्याची पोरं हायेत, रिसोडची हायेत, मी हाय. गोदाम पायजे."

"हां, मंग?"

"आमचं होईपर्यंत कट्टे हालवाचे नाईत. कोनतं गाणं कुठं, ते आमी ठरवू. अन् बाहेरून कोनी आलं तं त्याच्याशी मी बोलीन. तुमी नाई."

"गोदाम माहं, कट्टे माहे, माइक माहा, अन् तोंड माहंच बंद?"

"हाव."

"असं जमत नसते. गाण्यांचा नंबर मी लावीन. त्यातलं तुले काय समजते?"

ती उठली. ड्रेसला चिकटलेले बारदान्याचे धागे झटकले. चप्पल घातली. फाटकाकडे निघाली.

मी खुर्चीतच होतो. असं उठणं तिने माझ्याच टेबलाशेजारी बसून रोज पाहिलं होतं, हे मला माहीत होतं. खरं जाणारा आणि हाकेसाठी जाणारा यातला फरक पायांवरून कळतो. हाकेसाठी जाणारा पाय रेंगाळत टाकतो. मी तिचे पाय पाहत राहिलो. ते रेंगाळत नव्हते. ती काट्यापाशी पोचली, काटा ओलांडला, फाटकाच्या कडीला हात घातला.

"ए पोरी! बस, जाते कुठं?"

माझा आवाज पूर्ण बाजारात गेला असेल. ती तिथूनच ओरडली, "पैले सांगा, कट्टे हालनार नाईत!"

"नाई हालनार!"

"अन् नंबर?"

"लाव तुह्या मनानं, कर सत्यानाश!"

ती परत आली. कारंज्याची पोरं एसटीने आली, दारात चपलांचा ढीग लागला. तेवढे दिवस मी हमालांना थप्पीला हात लावू दिला नाही. बाहेर सोयाबीनचा भाव रोज उतरत होता, व्यापारी मला वेड्यात काढत होते, आणि आत माझ्याच मालाच्या मधोमध उभी राहून ती मला शिव्या देत होती. तालात, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, स्वतःच्या आवाजात.