खुंटा म्हणायचे तिला

हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत तिला सगळे ‘खुंटा’ म्हणायचे, तेही तोंडावर. चादरींचा ढीग अर्धा इस्त्री झालेला असताना सुपरवायझरबाई ओरडायच्या, ‘‘ते टाक, मशीनवर जा!’’ की हिचे हातपाय जागीच थिजायचे. कानांत नुसता गलका. मग ठरलेलं वाक्य, ‘‘किती गं हट्टी!’’

हा शब्द तिने लहानपणापासून ऐकला होता. एकदा आई शाळेत वेगळ्या रस्त्याने न्यायला लागली, तर ती कोपऱ्यावर फतकल मारून बसली. आईने पाठीत धपाटे घातले होते.

चाळिशी उलटल्यावर भावाच्या मुलीला घेऊन ती डॉक्टरीणबाईंकडे गेली. पोरीला ऑटिझम निघाला.

‘‘एका कामावरून दुसऱ्याकडे वळायचं, तर मेंदूतल्या भागांना आपसातला ताळमेळ बदलावा लागतो,’’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ‘‘काहींच्या मेंदूची जोडणीच वेगळी असते. वळायला वेळ लागतो. हा हट्ट नव्हे. आधी सांगून ठेवत जा.’’

‘‘अहो, हे तर माझंच!’’ ती उभीच राहिली. पुढे तपासण्यांत तिचंही तेच निघालं.

लोकांना वाटलं, हिला हायसं वाटेल. कसलं काय! अंगाचा नुसता तिळपापड झाला. घरी आईला तिने थेट विचारलं.

‘‘तेव्हा कुणाला ठाऊक होतं गं?’’ आई म्हणाली.

‘‘नसेल ठाऊक. पण ‘काय होतंय तुला?’ एवढं विचारायला डॉक्टर कशाला लागतो?’’



लॉन्ड्रीत तिने सांगून टाकलं, ‘‘माझा मेंदू चटकन वळत नाही. काम बदलायचं तर थोडं आधी सांगा.’’

‘‘आता मेंदूचं निमित्त का? मेंदू आम्हालाही आहे!’’ सुपरवायझरबाई म्हणाल्या.

‘‘मग वापरा की.’’

खसखस पिकली. सुपरवायझरबाई तणतणत साहेबांकडे गेल्या. साहेबांनी सगळं ऐकून विचारलं, ‘‘आधी सांगायला तुमचं काय जातं?’’ आता त्या नाक मुरडत का होईना, सांगतात, ‘‘एवढी चळत झाली की मशीन.’’ आणि ही जाते.

राग मात्र गेला नाही. परवा भाऊ मुलीवर खेकसला, ‘‘ऊठ म्हटलं ना! किती हट्टी—’’

‘‘तो शब्द पुन्हा काढलास तर माझ्याशी गाठ आहे!’’ ती कडाडली. मग भाचीशेजारी बसून म्हणाली, ‘‘चित्र झालं की चपला घालायच्या, हं.’’

पोरीने मान हलवली आणि सावकाश आभाळ रंगवायला घेतलं. बाप दारात किल्ल्या वाजवत उभा होता. उभा राहू दे.